"मॅगझिन काढलंय, खाली आहे" : शूटिंगवरच्या बंदुका आणि आपण

रानजाई | शुक्रवार, रात्री ११:४२

राग गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवून चार दिवस थांबले. राग काही गेलेला नाही, पण उद्या सुट्टी आहे, म्हणून बसले.

मी सेकंड एडी, म्हणजे दुसरी सहायक दिग्दर्शक. सध्या मोबाइलवर उभ्या दिसणाऱ्या त्या दीड-दीड मिनिटांच्या मालिका करते. मढचा एक बंगला, शिफ्ट नऊ ते नऊ. रात्री आठ वीसला शेवटचा सेटअप लागला : हिरो ड्रॉवरमधून पिस्तूल काढतो, त्याचा क्लोज. प्रॉपर्टीत होती फायबरची डमी. डीओपी, म्हणजे कॅमेरा सांभाळणारा सिनेमॅटोग्राफर, म्हणाला, प्लास्टिक दिसतंय, शेंबडं पोरही ओळखेल. सप्लायरला फोन लावला तर तो म्हणे दुसरी पाठवायला दीड तास लागेल. तेवढ्यात सेटचा खर्च सांभाळणाऱ्या लाइन प्रोड्यूसरला आठवलं की हिरोच्या बॉडीगार्डकडे परवान्याचं खरं पिस्तूल आहे. "अरे, दोन मिनिटांचं काम!"

बॉडीगार्डने मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढलं, टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि "खाली आहे", म्हणजे रिकामं आहे, असं म्हणून पिस्तूल हिरोच्या हातात दिलं. हिरोचं बोट सरळ ट्रिगरवर. गंमत म्हणून फोकस पुलरवर, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या पोरावर, रोखून "काय रे, फोकस गेला तर?" सगळे हसले.

माझा मामा पोलीस खात्यात शस्त्रागारात होता. तो कुठलंही हत्यार हातात आलं की मॅगझिन काढायचा, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून धरायचा, आत डोकावायचा आणि वर करंगळी घालून चाचपायचा. लहानपणी आम्हाला ते हसू यायचं. त्या रात्री मात्र तोंडातून निघून गेलं, "एकदा स्लाइड ओढून दाखवा ना."

बॉडीगार्डने थोडं तोंड वाकडं करत ओढली. एक काडतूस उडालं, टाइल्सवर टण्णकन पडलं आणि घरंगळत दिवाणाखाली गेलं. स्पॉटदादांनी केरसुणीने बाहेर काढलं.

सेटवर इतकी शांतता मी फक्त जेवणाच्या सुट्टीत ऐकली आहे. ती टिकली दहा सेकंद. मग कोणीतरी म्हणालं, "चला चला, नऊला पॅकअप आहे." आणि त्याच पिस्तुलावर शॉट झाला. काडतूस माझ्या मुठीत होतं आणि "रोल साउंड" ची हाक मीच दिली. राग कोणाचा येतोय हे आता कळलं असेल.

नंतर सांगण्यात आलं की बाहेर बोलू नकोस, बॉडीगार्डचा परवाना जाईल, बिचाऱ्याला दोन मुलं आहेत. फोकस पुलरलाही एक मुलगी आहे, पण ते असो.

विचारायचं हे : आपल्याकडे सेटवर हत्यार आलं तर ते नक्की कोणाच्या ताब्यात असतं? आणि माझ्यासारखीने शॉट थांबवायचा ठरवला तर कुठल्या जोरावर?

---

बोरिवलीकर | शुक्रवार, रात्री ११:५८

राग मानू नका, पण थोडं सिनेमॅटिक वाटतंय. नेमक्या तुम्ही बोललात आणि नेमकी गोळी निघाली?

---

रानजाई | शनिवार, रात्री १२:०६

मलाही तसंच वाटलं असतं. नसती निघाली तर हा धागाच निघाला नसता, एवढंच.

---

फौजीकाका | शनिवार, सकाळी ६:१५

बोरिवलीकर, यात सिनेमॅटिक काही नाही. स्वयंचलित पिस्तुलाची ही सगळ्यात जुनी खोड आहे. मॅगझिन म्हणजे डबा. तो काढला तरी आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, चढलेलं एक काडतूस तिथेच बसून राहतं. संरक्षणासाठी पिस्तूल बाळगणारे बरेच जण एक चढवूनच ठेवतात, ऐनवेळी स्लाइड ओढायचा वेळ वाचतो म्हणून. त्या बॉडीगार्डने तेच केलं असणार.

क्रमही महत्त्वाचा. आधी मॅगझिन, मग स्लाइड. उलटं केलंत, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढलीत, तर चेंबरमधलं बाहेर पडतं आणि डब्यातलं दुसरं वर चढतं. माणूस खाली पडलेली गोळी बघून खूश होतो, मॅगझिन काढून खिशात टाकतो आणि हातात भरलेलं हत्यार! अशा वेळी निघालेल्या गोळीला पलटणीत "चुकून सुटली" म्हणत नाहीत, शिक्षा होते.

तुमच्या मामांची करंगळी बरोबर होती. अंधारात डोळे फसतात.

---

तिखटमीठ | शनिवार, सकाळी ८:३१

बाप रे. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली होती ना, जुहूच्या घरी? कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून पडलं म्हणे. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक हसत होते. मीही.

पण माझा बाळबोध प्रश्न : खरी बंदूक लागतेच कशाला? जाळ, धूर सगळं कॉम्प्युटरवर होत नाही का?

---

उडीबाबा | शनिवार, सकाळी ९:५०

बावीस वर्षं सिनेमात फाइटर (स्टंट करणारा) म्हणून काम केलं, आता गुडघे संपले म्हणून फाइट मास्तरांना असिस्ट करतो. तिखटमीठताई, होतं. बहुतेक ठिकाणी आता तसंच होतं. लांबच्या माणसांच्या हातात रबर किंवा फायबर, जवळच्याला धातूची डमी, नाहीतर गॅसवर चालणारी एअरसॉफ्ट, जिची स्लाइड खरीसारखी मागे येते. जाळ नंतर टाकतात. गंमत सांगतो, ब्लँकचा, म्हणजे बिनगोळीच्या काडतुसाचा, खरा जाळ इतका क्षणिक असतो की सेकंदाच्या २४ फ्रेममध्ये तो दोन फ्रेमच्या मधे पडला तर कॅमेऱ्यात येतच नाही. म्हणजे कान बधिर करून घ्यायचे आणि जाळ पुन्हा कॉम्प्युटरवरच.

तरी काही डायरेक्टरना ब्लँकच हवं असतं. नट दचकतो, पापणी मिटतो, खांदा हलतो, ते खोटं आणता येत नाही असं त्यांचं म्हणणं. मला ते सगळं चुकीचं वाटत नाही. पण मग ब्लँक म्हणजे काय ते तरी माहीत हवं. त्यात पुढचं शिसं नसतं एवढंच. प्रायमर, म्हणजे मागची ठिणगी पाडणारी टोपी, खरा, बारूद खरी. पाव, अर्धा, पूर्ण असे भार येतात. नळीच्या तोंडातून गरम गॅस निघतो, न जळलेल्या बारुदीचे कण निघतात, बारूद दाबून ठेवणारा बोळा असेल तर तोही निघतो. म्हणून समोरच्या माणसावर कधी रोखायचं नाही, त्याच्या बाजूला रोखायचं. कॅमेऱ्याचा कोन बाकीचं सांभाळतो.

जॉन-एरिक हेक्सम नावाचा अमेरिकन नट होता, १९८४ सालची गोष्ट. टीव्ही मालिकेच्या सेटवर काम रखडलं होतं, कंटाळला. ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर गमतीत कानशिलाला लावलं आणि दाबलं. गोळी नव्हतीच. कवटीला लागून झाडल्याच्या नुसत्या दणक्याने हाड फुटून आत घुसलं. सहा दिवसांनी गेला. २६ वर्षांचा होता. नवीन पोरगा बंदूक फिरवत स्टाइल मारायला लागला की मी ही गोष्ट सांगतो. पुढचे दोन तास गप असतो.

---

बूममॅन | शनिवार, सकाळी ११:१२

साउंडवाल्यांचं कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. ब्लँकचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि तिथे कानाला इजा व्हायला एकच बार पुरतो. 'टर्मिनेटर २' सिनेमाच्या वेळी त्यातली नटी लिंडा हॅमिल्टन लिफ्टमध्ये कानात बोळे न घालता उभी होती, आत बार झाला, कान कायमचा गेला. मढच्या बंगल्यातल्या दहा बाय बाराच्या खोल्या त्या लिफ्टपेक्षा फार मोठ्या नसतात, वर मार्बल.

मी हेडफोनवर असतो. "बार होणार आहे" हे मला कोणी सांगायचं हे ठरलेलंच नसतं. एकदा रिहर्सल म्हणून सांगितलं आणि नटाने दाबलं. बाकीच्यांना दचकायला झालं, माझ्या कानात तीन दिवस शिट्टी. आणि तो रेकॉर्ड केलेला आवाज कोणी वापरत नाही बरं का. पोस्टमध्ये बदलतातच.

---

गिरगावची_मावशी | शनिवार, दुपारी १:४०

आता सगळ्यालाच भ्यायची पद्धत आली आहे. आमच्या वेळी डाकूंचे एवढे सिनेमे निघाले, ढिगाने बंदुका उडाल्या. कोण मेलं?

---

पडद्यामागे | शनिवार, दुपारी २:२५

मावशी, नशीब म्हणा. 'शोले' च्या शेवटाच्या चित्रीकरणात धर्मेंद्र यांच्या बंदुकीत खरी गोळी होती, ती झाडली गेली आणि वर उभ्या असलेल्या अमिताभ यांच्या कानाजवळून सूं करत गेली. हे खुद्द बच्चन यांनीच केबीसीत सांगितलंय. ती गोळी चार बोटं इकडे आली असती तर पुढची पन्नास वर्षं आपण कोणाची नक्कल करत बसलो असतो?

धाग्याच्या मूळ प्रश्नावर : दोन अपघात नीट समजून घेतले तर रानजाईंच्या सेटवर काय घडलं ते कळतं.

पहिला, ३१ मार्च १९९३, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना, 'द क्रो' सिनेमाचा सेट. रिव्हॉल्व्हरचा समोरून क्लोज घ्यायचा असला की चक्रीत बसलेल्या काडतुसांची टोकं दिसतात. रिकामी भोकं दिसून चालत नाहीत, म्हणून डमी काडतूस लागतं : पुढे शिसं, आत बारूद नाही, मागचा प्रायमरही मेलेला. त्या युनिटने बाजारातून डमी न आणता खऱ्या काडतुसांतली बारूद काढून घरच्या घरी डमी बनवली. प्रायमर तसाच राहिला. कधीतरी ट्रिगर दाबला गेला. प्रायमरच्या छोट्या दणक्याने शिसं सुटलं आणि अर्ध्या नळीत अडकून बसलं. कोणी नळीतून आरपार बघितलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं. आता हिशेब करा : अडकलेलं शिसं आणि मागून पूर्ण बारूद, म्हणजे तयार झाली खरी गोळी. सिनेमाचा हिरो ब्रँडन ली गेला, वय २८.

दुसरा, २१ ऑक्टोबर २०२१, न्यू मेक्सिको, 'रस्ट' सिनेमाचा सेट. चर्चच्या सेटवर नट ॲलेक बॉल्डविन रिव्हॉल्व्हर उपसायची तालीम करत होता. आत डमी असायला हवी होती, होती खरी गोळी. सिनेमॅटोग्राफर हलीना हचिन्स गेली, तीच गोळी पुढे दिग्दर्शक जोएल सूझाला लागली. सेटवर एकूण सहा खरी काडतुसं सापडली. डमीत बऱ्याचदा छर्रा ठेवतात, कानाशी हलवली की खुळखुळा वाजतो. खरी वाजत नाही. तपासायला लागतं काय, तर प्रत्येक काडतूस काढून कानाशी हलवणं! त्याऐवजी एडीने "कोल्ड गन", म्हणजे आत खरी गोळी नाही, अशी हाक दिली. सगळी काडतुसं नीट तपासली नाहीत हे त्याने नंतर कबूल केलं. हत्यारं सांभाळणाऱ्या मुलीवर प्रॉपर्टीचंही काम टाकलं होतं. त्याआधी काही दिवस सेटवर चुकून बार झाले होते, आणि त्याच सकाळी कॅमेऱ्याची काही माणसं गैरसोयींना वैतागून निघून गेली होती. त्या मुलीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. बॉल्डविनवरचा खटला त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द झाला, सरकारी बाजूने पुरावा दडवला म्हणून.

"कोल्ड गन" आणि "खाली आहे" यात मला काही फरक दिसत नाही. एक जण बोलतो, दुसरा पुढे सांगतो, तिसरा ॲक्शन म्हणतो. मधे एकानेही आत बघितलेलं नसतं. आपल्याकडे तर ते बोलणारा माणूसही त्या कामाचा नसतो, कोणाचा तरी बॉडीगार्ड असतो.

---

गिरगावची_मावशी | शनिवार, दुपारी ३:०२

ते केबीसीचं मी पाहिलं होतं, विसरले. बरं, माझं वाक्य मागे.

---

संपादक | शनिवार, दुपारी ४:१०

निर्मितीसंस्था आणि हिरो कोण हे विचारणारे पाच प्रतिसाद काढले आहेत. पुन्हा विचारू नये.

---

रंगपीठ | शनिवार, संध्या. ५:३५

थोडं अवांतर. आम्ही नाटकवाले गरीब, आमची मजल टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंत. दिवाळीनंतर उरलेल्या टिकल्यांचे रोल सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत ठेवायचो, सर्दावू नयेत म्हणून. एका स्पर्धेत तिसऱ्या अंकात खलनायकाने चाप ओढला, फुसss. पुन्हा ओढला, फुसss. नायक मरायला तयार, पण आवाज नाही. शेवटी विंगेतून कोणीतरी पत्र्याच्या पेटीवर फळी हाणली. तोवर नायक उगाच मान टाकून पडला होता, मेल्यावर गोळी वाजली.

परीक्षकांनी प्रकाशयोजनेचं कौतुक केलं.

पण एक सांगतो, पिस्तूल कधी प्रेक्षकांकडे रोखायचं नाही हे मात्र तिथेही होतं. टिकलीची ठिणगी डोळ्यात जाते.

---

ॲड_मनवा | शनिवार, रात्री ९:२०

रानजाई, कायद्यापुरतं सांगते.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने दुसऱ्याने ती नेण्याची सूट आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. हिरोच्या क्लोजसाठी नाही. म्हणजे तुमच्या सेटवर गोळी निघाली नसती तरी ते पिस्तूल हिरोच्या हातात देणं हीच चूक होती. "बिचाऱ्याचा परवाना जाईल" हे खरं आहे, आणि तो जाण्यासारखंच त्याने केलंय.

काही झालं असतं तर? निष्काळजीपणाने मृत्यूला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये दोन वर्षं होती. कोणी मेलं नाही तरी दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याबद्दल कलम १२५ आहे. आणि तपासात पहिला प्रश्न असतो, "कोणाला माहीत होतं?" तुम्ही काडतूस मुठीत धरून उभ्या होतात. वाईट वाटेल, पण तुम्हाला माहीत होतं.

आता करायचं काय : त्या दिवसाच्या प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये नोंद नसेल तर आज ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) ईमेल करा. आरोप नको, फक्त घटना : वेळ, ठिकाण, काय निघालं, कोण होतं. व्हॉट्सॲपवर नको, ईमेलच. आपल्या असोसिएशनला प्रत द्या.

---

बोरिवलीकर | शनिवार, रात्री ९:४१

ॲडव्होकेटताई, ईमेल केल्यावर हिला पुढचं काम कोण देणार? हे जरा सांगा.

---

उडीबाबा | शनिवार, रात्री १०:१५

बोरिवलीकरांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच एकट्याने करायचं नसतं. आमच्यात मास्तर नाही म्हणाले की शॉट होत नाही. उंचीवरून उडी असेल आणि मास्तरांना खाली रचलेल्या बॉक्सचा थर कमी वाटला, तर कितीही मोठा डायरेक्टर असो, थांबतो. हे कायद्याने आलेलं नाही, माणसं मरून आलंय. पण पिस्तुलाच्या साध्या क्लोजला फाइट मास्तर बोलावत नाहीत, कारण "फाइट कुठे आहे?" पैसे वाचतात. हत्यार ॲक्शनमध्ये धरायचं की प्रॉपर्टीत, या फटीतच सगळं होतं.

रानजाईताई, पुढच्या वेळी "मला भीती वाटते" म्हणू नका. म्हणा, "मास्तर बोलवा, नाहीतर डमीवर घ्या." पैशाची भाषा पटकन कळते.

---

वसईची_केळी | रविवार, सकाळी १०:०५

सेटबाहेरचंही लिहा कोणीतरी. २०१९ मध्ये आमच्या वसईत अतिरेक्याच्या वेशातले दोन ज्युनियर आर्टिस्ट सिगारेट घ्यायला गाडीतून उतरले. लोकांनी पोलिसांना फोन केला, नाकाबंदी, धावपळ. मग कळलं शूटिंगचे आहेत. आमच्याकडे लोकांनी ते हसण्यावारी नेलं. पण कोणी हवालदार घाबरून गोळी झाडता तर? हल्ली रील करणारी पोरं तर टेम्पोत बसून डमी फिरवतात.

---

फौजीकाका | रविवार, सकाळी १०:३०

+१. वीस फुटांवरून डमी आणि खरी मला सांगता येणार नाही. पस्तीस वर्षं हातात धरून.

---

रानजाई | गुरुवार, रात्री १०:५०

उशिरा येतेय, माफी. ईमेल केला. मनवाताईंनी सांगितला तसा, आठ ओळींचा. ईपीचं उत्तर एका शब्दाचं : "नोटेड." फोकस पुलरला आधी विचारलं होतं, त्याचं नाव घालू का. तो म्हणाला घाल, वर मलाही प्रत पाठव, बायकोला दाखवायची आहे.

आज पुन्हा हत्याराचा सीन होता, तोच हिरो. सप्लायरने या वेळी धातूची डमी पाठवली, नळी आतून बंद केलेली. मी सगळ्यांसमोर टेबलावर टॉर्च मारून दाखवली. डीओपी, फोकस, बूम, मेकअपदादा, प्रत्येकाला. चार मिनिटं गेली. फर्स्ट एडीने घड्याळ दाखवलं, मी पाहिलं नाही. हिरोने स्वतः हातात घेतल्यावर नळी जमिनीकडे केली, बोट बाहेर ठेवलं आणि मला म्हणाला, "मॅडम, ठीक आहे ना?" टोमणा होता की खरंच विचारत होता ते अजून कळलेलं नाही.

स्पॉटदादांनी मात्र संध्याकाळी चहा देताना हळूच सांगितलं, त्या दिवशीची केरसुणी त्यांनी टाकून दिली.

पुढच्या शेड्यूलमध्ये एका सीनला ब्लँक आहेत, मास्तर येणार आहेत, बुकिंग झालंय. बूममॅन, युनिट पंचेचाळीस जणांचं. कानातले बोळे कुठले घ्यायचे? मला बजेट मागायचं आहे.

---

बूममॅन | गुरुवार, रात्री ११:०८

फोमचे घ्या, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, घाऊक हवे तर लोहार चाळ. चिमटीत दाबून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. नुसते टोचून ठेवले तर उपयोग नाही. साठ जोड्या घ्या, पंचेचाळीस पुरत नाहीत. लाइटदादा हमखास हरवतात.

आणि माझी जोडी वेगळी ठेवा. हेडफोनखाली बसेल अशी बिनदांडीची.